लॅमिनेट केलेली दोन मिनिटं

क्लेमेंट सरांच्या गेटसमोर जितेंद्रची पांढरी गाडी इतकी मुरली होती, की कुरिअरवाले घराचा नाही, तिचाच नंबर विचारत यायचे. जितेंद्र समोरच्या बिल्डिंगमधला. सोसायटीत त्याला हक्काचं पार्किंग होतं. तिथे त्याने झोपाळा टांगला होता. गाडीच्या काचेमागे एक पाटी असे: 'दोन मिनिटांत येतो'. लॅमिनेट केलेली.

निवृत्त मुख्याध्यापक असल्याने सरांचा पाट्यांवर विश्वास. त्यांनी गेटवर आधी 'नो पार्किंग' लिहिलं, मग 'हवा सोडली जाईल', आणि शेवटी हात टेकून 'येशू पाहतो आहे'. तेव्हापासून जितेंद्र गाडी लावली की पाटीला हात जोडून जायचा.

मुलीच्या, जोआनाच्या लग्नात मात्र सरांनी धोका पत्करला नाही. भाच्याची पांढरी गाडी आदल्या दिवशीच कंपाउंडच्या आत आणून ठेवली. "आता हिला कुणी हात लावू शकणार नाही," ते बायकोला, इनेझबाईंना, म्हणाले. खरंच होतं. लग्नाच्या दुपारी जितेंद्रची गाडी गेटला चिकटून उभी होती आणि आतली गाडी कुणाच्याच उपयोगाची उरली नव्हती.

त्यात चर्चमध्ये त्या दिवशी ओळीने लग्नं. फादर सॅन्टन उशिरा आलेल्या नवरीला सरळ दुसऱ्या दिवशी बोलवत. सरांच्या बहिणीला, मार्थाला, एकदा असंच दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. रात्रीतून नवऱ्याने विचार बदलला. मार्था आत्या अजून माहेरीच होती आणि सकाळपासून घड्याळाखाली खुर्ची टाकून बसली होती.

जितेंद्रला चार शब्द सुनवायला सर सूट घालून बाहेर आले आणि जागीच थबकले. फुलवाल्या रामूला त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, "गेटवरची पांढरी गाडी सजव." रामूने सजवली होती. बॉनेटवर गुलाब, आरशांना रिबिनी, मागच्या काचेवर 'जोआना वेड्स कॅल्विन'. सगळी फुलं संपवून रामू दुसऱ्या लग्नाला गेलाही होता.

तेवढ्यात हाफ पँटीत जितेंद्र खाली आला. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "सर, हे टू मच झालं. त्यापेक्षा हवा सोडायची ना!"

"हलव ती!"

"हलवतो. पण ही फुलं?"

एवढ्यात जोआना पायघोळ गाऊन सावरत आली आणि मागचं दार उघडून बसली. "पप्पा, बसा. फुलं हिच्यावर आहेत, मी हिच्यातच जाणार."

"चावी दे," सर म्हणाले.

"गाडी मी दुसऱ्याच्या हातात देत नाही," जितेंद्र म्हणाला, आणि हाफ पँटीतच स्टिअरिंगवर बसला.

चर्चपर्यंत पोचले, तर फाटकात आडवी एक निळी गाडी, गाऊनसकट आत जायला फटही नाही. काचेमागे चिठ्ठी: 'पाच मिनिटांत येतो'.

जितेंद्रचं डोकं फिरलं. "काय माणसं आहेत! गेट दिसत नाही? नवरी आहे आत! सर, तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?"

सरांकडे बरेच शब्द तयार होते. पण ते गाडीत बसले होते, आणि गाडी जितेंद्रची होती.

"थांबू या का पाच मिनिटं?" जोआनाने विचारलं.

"अगं, असं लिहिणारा कधीच येत नसतो," जितेंद्र अधिकारवाणीने म्हणाला आणि खाली उतरला. त्याने दारातल्या बँडवाल्यांना हाका मारल्या, स्वतः मागच्या बंपरला खांदा दिला आणि निळी गाडी अख्खी उचलून गटाराकडेला ठेववली. फक्त ट्रम्पेटवाल्याने पाठीचं दुखणं सांगितलं. तो वाजवत राहिला.

फादर सॅन्टन मनगटावरचं घड्याळ बघत असतानाच जोआना आत शिरली. लग्न लागलं. मार्था आत्या सगळ्यांत जास्त रडली. कौटुंबिक फोटोत हाफ पँटवाला कोण, हे कॅल्विनच्या घरच्यांनी विचारलं नाही. प्रत्येक घरात एखादा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी खिडकी उघडली. गेटसमोर सुकलेल्या गुलाबांसकट गाडी उभी. काचेमागची जुनी पाटी गेली होती. तिथे नवी होती, तीही लॅमिनेट केलेली: 'मुलीकडचे'.