कॉफी बघायला जाण्याचं कडवं

मिशिगनमधल्या हार्युला गावात देव आहे की नाही, हा प्रश्न १९५१ साली कायमचा निकालात निघाला. ठरलं ते असं: वर्षातून एकदा, जूनमधल्या मिडसमर सणाच्या शनिवारी, कामगार हॉलात, साधारण पाऊण मिनिट तो नाही. उरलेलं वर्षभर ज्याचं त्यानं बघावं.

त्याआधी गावात सगळं दोन-दोन होतं. फिनलंडहून खाणीत कामाला आलेले सगळे, पण चर्चवाले फिन वेगळे आणि कामगार हॉलवाले फिन वेगळे. दोन दुकानं, दोन न्हावी, दोन दफनभूम्या, आणि मिडसमरला तळ्याकाठी एकमेकींकडे पाठ करून पेटणाऱ्या दोन शेकोट्या. मग तांब्याची खाण बंद पडली, तरुण मंडळी डेट्रॉइटला मोटारी जोडायला गेली आणि दोन शेकोट्यांना पुरतील एवढी माणसंच उरली नाहीत. हॉलच्या नास्तिकांना ओंडके ओढायला हात हवे होते आणि चर्चच्या लुथरनांना पावसात बसायला छप्पर. शेकोटी एक करायची ठरली. वाटाघाटी दोन हिवाळे चालल्या, आणि सगळं घोडं अडलं एका गाण्याच्या तिसऱ्या कडव्यापाशी.

गाणं व्हिएनो लाम्पिनेनच्या वडिलांचं; हॉलात ते उचलायची, म्हणजे पहिला सूर लावायची, तीच. एइनो लाम्पिनेन खाणीत लाकडी टेकू ठोकायचा. १९१३च्या संपात त्यानं ते फिनिशमध्ये लिहिलं आणि पुढच्या दहा वर्षांत सुपीरियर तळ्याच्या काठचा एकही हॉल असा राहिला नाही जिथे ते उभं राहून म्हटलं गेलं नाही. पहिल्या दोन कडव्यांत खाण, थंडी आणि मालक. तिसऱ्यात वाद्यं थांबायची आणि नुसत्या गळ्यांनी म्हणायचं:

वर कुणी नाही, वर नुसतं हवामान.
खाली आपण आहोत. तेवढे पुरेत.

या दोन ओळींपायी संपानंतर एइनोला कुठल्याच खाणीनं कामावर घेतलं नाही. तो वारला तेव्हा चर्चच्या दफनभूमीत त्याला जागा मिळाली नाही. त्यानं मागितली नव्हती हे खरं, पण कुणी विचारलंही नव्हतं. हॉलवाल्यांनी त्याला आपल्या दफनभूमीत, बटाट्याच्या शेताच्या कडेला पुरला. व्हिएनोला या जागेचा अभिमान होता. त्या बाजूचे बटाटे दरवर्षी उजवे निघत.

तर १९५१च्या शेवटच्या बैठकीत, पाद्री एकीकडे नि हॉलचे पुढारी दुसरीकडे तोंड करून बसलेले असताना, ओन्नी तेर्वो नावाचा तरुण उठला. चर्चची कॉफी करण्याचं काम याच्याकडे असे. शिवाय त्यानं नुकतंच व्हिएनोच्या धाकट्या बहिणीशी, त्युनेशी, चर्चमध्ये लग्न केलेलं, त्यामुळे त्याच्यावर दोन्ही बाजूंचा सारखाच राग होता.

"तिसरं कडवं चालू असताना," तो म्हणाला, "कुणीतरी बाहेर कॉफी बघायला जायलाच हवं ना?"

पाद्री आणि पुढारी, सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली.

"आम्ही सगळे जाऊ," ओन्नी म्हणाला.

तेव्हापासून तसंच चाललं होतं. दुसरं कडवं संपलं की चर्चवाले उठत, रांगेनं बाहेर जात, हंड्याभोवती उभे राहत. पुढे ओन्नी, हातात कॉफी ढवळायचा लांब चमचा. आत देव नाहीसा होई. मग ओन्नी दारात येऊन सांगे, "कॉफी ठीक आहे," सगळे परत आपापल्या जागी बसत आणि चौथं कडवं दोन्ही बाजू मिळून म्हणत. शेवटी चर्चवाल्यांचं स्तोत्र असे. त्या वेळी हॉलवाले शेकोटी बघायला जात. कॉफी आणि शेकोटी यांच्यावर इतकी करडी नजर मिशिगनमध्ये दुसरीकडे कुठे नसेल.

त्युनेही रांगेतून जाई. पंचेचाळीस वर्षं ती बापाच्या ओळीवर उठून गेली होती. बहिणी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. बाकी सगळं बोलत: कंबर, गुडघे, पावात वेलची कुणी जास्त घालते.

शेहेचाळिसाव्या वर्षी कर्ट हिल गायला येणार असं ठरलं.

कर्टच्या आजोबांचं आडनाव मॅकी, म्हणजे फिनिशमध्ये टेकडी. गाण्याच्या धंद्यासाठी नॅशव्हिलला जाताना नातवानं ते इंग्रजीत हिल करून घेतलं आणि डोक्यावर काउबॉयची टोपी चढवली. त्याची गाणी पेट्रोलपंपावरसुद्धा लागत. तो फुकट येणार होता आणि सोबत टीव्हीवाल्यांना आणणार होता. मिडसमरच्या तीन आठवडे आधी त्यानं व्हिएनोला फोन केला.

"आजी, फक्त एक जागा बदलतोय. कुणाचं मन दुखायला नको म्हणून."

"कुणाचं दुखतंय?"

"चर्चवाल्यांचं. उठून जातात म्हणे ते."

"ते कॉफी बघायला जातात."

"म्हणजे तेच ना."

"तेच नाही," व्हिएनो म्हणाली. "वाच बघू, काय केलंयस."

कर्टनं वाचलं. *वर आपापला देव आहे प्रत्येकाचा. खाली आपण आहोत, सारे एकमेकांचे.*

"हे कुणी लिहिलं?"

"मी आणि माझ्या मॅनेजरनं."

"दोघं लागलात होय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉलचा अध्यक्ष आर्वो सालो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. भला माणूस. त्याला नाही म्हणता येत नसे, म्हणून तर तो अकरा वर्षं अध्यक्ष होता.

"व्हिएनो, अगं, जगात आता कोण कुणाच्या देवाला नाही म्हणतंय? बरं दिसत नाही."

"तेरा साली बरं दिसत होतं का?"

"टीव्हीवर खाली इंग्रजी पट्टी जाणार आहे. लोक वाचतील. काय म्हणतील?"

"म्हणतील, एका टेकू ठोकणाऱ्याला असं वाटत होतं. आणि वाटत होतं ते त्यानं सांगितलं. आर्वो, ती माझी ओळ नाही की तुझी नाही. ती बदलायची तर त्याला विचारून ये. बटाट्यांच्या बाजूला आहे."

आर्वोनं पाव संपवला आणि प्रश्न समितीपुढे ठेवला. पाच विरुद्ध एक, आणि तो एक हात व्हिएनोचा. हॉलमध्ये लोकशाही असण्याचा तोटा व्हिएनोला सत्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कळला. बहुमताचा निर्णय सभासदानं पाळायचा, हा नियम एइनोनंच लिहिला होता. दाराशी काचेत लावलेल्या कागदावर अक्षरही त्याचंच. त्याची ओळ राखायची तर त्याचा नियम मोडायचा. व्हिएनोनं नियम राखला. पन्नास वर्षं ते गाणं तिनं उचललं होतं. या वर्षी ती पहिल्या रांगेत बसेल आणि तोंड मिटून घेईल, एवढंच तिच्या हातात उरलं.

मिडसमरच्या शनिवारी हॉलच्या दाराला दोन्ही बाजूंनी बर्चची कोवळी झाडं बांधली होती. संध्याकाळचे सहा वाजले तरी ऊन खिडक्यांतून सरळ आत येत होतं. बाहेर ओन्नीचा हंडा चुलाण्यावर चढला होता. कॅमेरा एका बाजूला, त्याच्या वायरला अडखळायचं नाही असं आर्वोनं तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा स्वतः अडखळला.

कर्ट चांगला गायला. व्हिएनोला हे मान्य करावं लागलं. आवाज लोण्यासारखा, फिनिश मात्र डाव्या पायातला बूट उजव्यात घातल्यासारखं. दुसरं कडवं संपलं. डाव्या बाजूला खुर्च्या सरकल्या. तीसेक चर्चवाले उठले, रांग लागली, पुढे चमचा घेऊन ओन्नी. व्हिएनोनं समोर बघत हात मांडीवर ठेवले.

गिटार थांबली नाही. कर्टनं डोळे मिटून म्हटलं: *वर आपापला देव आहे प्रत्येकाचा.*

ओन्नीचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच थांबला. त्युने त्याच्या पाठीवर आदळली, तिच्यावर मागची बाई, आणि सबंध रांग मालगाडीचे डबे आपटावेत तशी जागच्या जागी उभी राहिली.

"थांब," ओन्नी म्हणाला. "काय म्हणालास?"

कर्टनं डोळे उघडले. गिटार थांबली. त्यानं ओळ पुन्हा म्हणून दाखवली, या वेळी जरा हळू.

"आपापला?" ओन्नी म्हणाला. "म्हणजे वर ढीग आहे?"

"काका, हे तुमच्यासाठीच केलंय," कर्ट म्हणाला. "आता तुम्हाला बाहेर जायची गरज नाही. बसा ना आरामात."

"मला बसायचं नाहीये. मला बाहेर जायचंय."

"मग जा की."

"कशावर उठून जाऊ? या ओळीवर उठून जाण्यासारखं आहे काय? हिच्यावर फार तर झोप लागेल." ओन्नी शहात्तर वर्षांचा होता आणि हॉलात इतकं सलग कधीच बोलला नव्हता. त्याचा चमचा कॅमेऱ्याच्या रोखानं उठला. "एइनो नाही म्हणाला. विचार करून म्हणाला, आणि म्हटल्याबद्दल भोगलं. चुकला. पण सरळ चुकला. त्या माणसाच्या ओळीवर मी पंचेचाळीस वर्षं उठून गेलोय. प्रत्येक वेळी उठताना मला माझं काय आहे ते ठरवावं लागतं. तुझ्या ओळीवर मी कशाला ठरवू? तुझ्या ओळीत मीपण बरोबर, तोपण बरोबर, तळ्यातला मासापण बरोबर."

"ओन्नी," आर्वो म्हणाला, "समितीनं ठरवलंय."

"तुमच्या समितीचा मी सभासद नाही. माझा करार एक्कावन्नचा आहे. गाणं पूर्ण होईल आणि आम्ही बाहेर जाऊ. गाणं पूर्ण झालं नाही तर आम्ही कुठे जाणार?"

"तो करार तोंडी होता."

"म्हणून तर लक्षात आहे."

रांगेतून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. लुथरन लोक सभेत बोलत नाहीत, त्यामुळे हा दंगा धरायला हरकत नव्हती.

व्हिएनो आपल्या बुटांकडे बघत होती. बापाला त्या बाजूचं माणूस सरळ म्हणालं, हे ऐकायला तिला सत्याहत्तर वर्षं लागली होती, आणि ते म्हणणारा माणूस त्याला चूकही म्हणत होता. तिला वाटलं, एइनो असता तर ओन्नीच्या या बोलण्यातला एक शब्दही त्यानं बदलू दिला नसता.

आर्वोनं गळा साफ केला. "समिती इथेच आहे," तो म्हणाला. "पुन्हा मत घेऊ. जुनी ओळ असावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा." आणि कुणाकडे न बघता स्वतःचाच हात आधी वर केला. मग दुसरा, तिसरा. शेवटचा व्हिएनोचा. सहा विरुद्ध शून्य. अकरा वर्षांत आर्वोनं काहीतरी ठरवल्याचं हे पहिलंच उदाहरण, आणि ते टीव्हीवर आलं.

कर्टनं टोपी काढली. खाली साधे, विरळ, मॅकी घराण्याचे केस होते. "जुनी मला पाठ नाही," तो म्हणाला.

"मग बस," व्हिएनो म्हणाली. "ऐक. पाठ होईल."

ती उठली. गुडघा कटकन वाजला, तो सगळ्या हॉलनं ऐकला. दाराशी रांग ताटकळत उभी होती, कुणी हलेना. ओळ आल्याशिवाय जायचं कसं? तिनं श्वास घेतला आणि कसल्याही वाद्याशिवाय उचललं:

*वर कुणी नाही, वर नुसतं हवामान.*

ओन्नीनं मान हलवली, जशी माणसं ओळखीच्या शत्रूला हलवतात, आणि कडी उघडली. तीसेक लुथरन ताठ मानेनं, एकामागून एक, उन्हात गेले. इतकं नेटकं उठून जाणं व्हिएनोनं आजवर पाहिलं नव्हतं. आत हॉलवाले सगळे उभे राहून म्हणत होते, आणि त्यात टोपी काढलेला कर्टही, ओठ हलवत शब्द शोधत शोधत.

शेवटी त्युने. तिनं उंबरा ओलांडला, एक पाय बाहेर टाकला, आणि दुसऱ्या पायाच्या टाचेनं दार अडवून धरलं.

बाहेरून ओन्नीचा आवाज आला, "दार लाव गं, डास आत जातायत."

"जाऊ देत," त्युने म्हणाली.

तिची पाठ आत होती, तोंड बाहेर. पांढरा अंबाडा अगदी स्थिर. व्हिएनोनं दुसरी ओळ त्या अंबाड्याला म्हटली, सावकाश, सूर न सोडता, जशी बाप दोघींना निजवताना म्हणायचा: *खाली आपण आहोत. तेवढे पुरेत.*

डास आले. कुणी तक्रार केली नाही.

मग हॉल गप्प झाला आणि नेहमीच्या शब्दांची वाट बघू लागला. बराच वेळ कुणी आलं नाही. अखेर ओन्नी दारात दिसला. चमच्यावरून काळं पाणी गळत होतं. मघाच्या वादावादीत हंड्याकडे बघायला बाहेर कुणी नव्हतंच. तो क्षणभर घुटमळला. पण लुथरन माणूस, शिवाय आज सरळपणावर नुकताच बोललेला.

"कॉफी उतू गेली," तो म्हणाला. "उरली ती करपली."

"चालेल," व्हिएनो म्हणाली. "बस खाली. चौथं उचलते."

त्या वर्षी सगळे ती करपलेली कॉफी दोन-दोन कप प्यायले.