छत्रीचा सूर्योदय

सहामाही परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या दुसऱ्या तासाला, प्राथमिक शाळेच्या वरच्या मजल्यावरील संगणकाच्या खोलीत चौथीच्या मुलांची वाचन-लेखनाची ऑनलाइन चाचणी पार पडली. दुपारी तिचा निकाल पडद्यावर उमटला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी चौथीच्या गुरुजींना बोलावून घेतले.

वाचनात वर्ग उत्तम ठरला होता. लेखनाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत लाल रंग होता आणि प्रत्येक नावापुढे एकच शेरा होता : ‘उत्तर इतरांच्या उत्तरांशी जुळते.’

“गुरुजी, झाडून सगळ्या वर्गाने कॉपी केली आहे,” बाई म्हणाल्या.

“अशक्य,” गुरुजी म्हणाले. “माझी मुले चुकतील, पण चोरणार नाहीत. हे यंत्रच आंधळे आहे.”

“मग तुम्ही डोळसपणे वाचा.”

बसमध्ये कुणाची विसरलेली छत्री सापडली तर काय कराल, एवढाच प्रश्न होता. गुरुजी ऐटीत वाचू लागले. ‘सहस्ररश्मी भास्कर पूर्वक्षितिजावर प्रकट होत असता मला एक छत्री सापडली.’ दुसऱ्या उत्तरातही भास्कर प्रकट झाला होता, तिसऱ्यातही. एकाला तर छत्री मध्यरात्री सापडली होती, तरी भास्कर आपला हजर.

गुरुजींचा चेहरा उतरला. दर सोमवारी फळ्यावर एक घोटीव वाक्य लिहायचे आणि ते मुलांकडून पाठ करून घ्यायचे, हा त्यांचा जुना शिरस्ता. उत्तम गद्य जिभेवर रुळल्याखेरीज लेखणीत उतरत नाही, या मुद्द्यावर ते कुणाशीही हमरीतुमरीवर येत.

“बाई, कॉपी झाली आहे खरी,” ते सावकाश म्हणाले. “पण एकमेकांची नव्हे, माझी.”

“महिनाअखेरीस पुन्हा चाचणी आहे. तेव्हाही हेच दिसले, तर लेखनाचा तास मला संगणकाच्या बाईंकडे द्यावा लागेल.”

लेखनाचा तास म्हणजे गुरुजींचा जीव की प्राण. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावरचे सोमवारचे वाक्य पुसले आणि मुलांना सरावाच्या चाचणीला बसवले. प्रश्न पुन्हा छत्रीचाच.

कुणाचीच कळ वाजेना. पहिल्या रांगेतल्या, तोंडाला कधी कुलूप नसलेल्या मुलीला सगळे चिमणी म्हणत. तिने मान वळवली.

“गुरुजी, सुरुवात सांगा ना.”

“सुरुवात तुझी तू करायची.”

“माझी चांगली नाहीये हो.”

“तू काय केले असतेस, ते तर सांग.”

“मी ती गपचूप दप्तरात कोंबली असती. पण दांडा बाहेर राहिला असता. आई म्हणाली असती, आता मुकाट्याने परत दे.”

“हेच लिही.”

“असं लिहितात का कुठे? तुम्ही लिहून दाखवा बघू.”

आव्हान नाकारणे गुरुजींच्या रक्तात नव्हते. मधल्या संगणकावर बसून त्यांनी एका बोटाने, स्वल्पविरामही न चुकवता, सहस्ररश्मी भास्करासकट एक भरदार परिच्छेद उतरवला आणि कळ दाबली. पडदा लाल झाला : ‘उत्तर इतरांच्या उत्तरांशी जुळते.’

आधी कुणी हसले नाही. मग चिमणी फिसकन हसली आणि सगळी खोली खदखदली. गुरुजींचे कान तापले. वाद घालायला तोंड उघडले, पण समोर यंत्र होते. ते ऐकून थोडेच घेणार? त्यांनी परिच्छेद पुसला. मग लिहिले : ‘छत्री कंडक्टरला दिली असती. पण पाऊस असता, तर आधी घरी गेलो असतो.’

पडदा हिरवा झाला.

“अय्या, गुरुजी पण तसलेच,” चिमणी म्हणाली आणि आपल्या संगणकाकडे वळली. पाठोपाठ खोलीभर कळा वाजू लागल्या.

तेव्हापासून लाल रंग कोण टाळतो याची चढाओढच लागली. घोटीव वाक्य सोमवारी फळ्यावर येतच राहिले. गुरुजी एवढ्यावर शस्त्रे टाकणारे नव्हते. मात्र आता मुलांनी ते वाचायचे, आणि आपण तेच कसे सांगू ते लिहायचे, असा नवा नियम झाला.

महिनाअखेरीस निकाल आला. बाई एकेक उत्तर वाचत होत्या आणि मध्येच हसू लपवायला पदर तोंडाला लावत होत्या. गुरुजी दाराशी ताटकळत उभे होते.

“शुद्धलेखनाच्या चुका वाढल्यात, गुरुजी.”

“वाढल्यात. त्या मी सुधारीन.”

“सुधारा,” बाई म्हणाल्या. “कोणतीही दोन उत्तरे सारखी नाहीत. तास तुमचाच राहील.”