भावानं दिलेली पूड

बेकरीतल्या ताईच्या बोटांना संधिवातानं धरलं, तेव्हा पाव घ्यायला येणारा जो तो वैद्य झाला. कुणी आल्याचा रस चोळायला सांगे, कुणी एरंडाची पानं गरम करून बांधायला, कुणी मेथ्या भिजवून खायला. ताईनं सगळं केलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, सकाळी बोटं पुन्हा लाकडासारखी.

मग धाकट्या भावानं पूड दिली. चौकात त्याचं जडीबुटीचं दुकान होतं.

"नुसत्या मुळ्या आहेत, ताई. चमचाभर घेत जा."

आठवड्याभरात मूठ मिटायला लागली. ताई पुन्हा हातानं मैदा मळू लागली आणि भेटेल त्याला भावाचं कौतुक सांगत सुटली. निम्मी गल्ली तिनंच त्याच्याकडे धाडली.

काही महिन्यांत तिचं तोंड सुजलं. गाल गरगरीत झाले तर लोक म्हणाले, तब्येत सुधारली! पण भट्टीच्या पत्र्यानं पोटरीला पोळलं होतं, ती जखम काही केल्या भरेना. डॉक्टरीणबाईंना रक्तात साखर सापडली. भावाच्या पुडीबद्दल कळल्यावर त्यांनी ती तपासायला पाठवली. तिच्यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या निघाल्या; सूज आणि साखर त्यांचीच होती.

"आजच गटारात फेकते," ताई म्हणाली.

"पूड फेका, पण औषध एकदम तोडायचं नाही, जिवावर बेतेल. मी मोजून गोळ्या देते, त्या हळूहळू कमी करू."

म्हणजे ज्यानं घात केला तेच आता डॉक्टरांच्या हातून गिळायचं! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच चौकात गेली.

दुकानात रांग होती. भाऊ हसून म्हणाला, "ये ताई, बस."

"बसायला नाही आले. गोळ्या कुठल्या झाडाच्या मुळाला लागतात, ते झाड दाखव मला!"

त्याचा चेहरा उतरला. "आत चल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांच्यासाठीच बोलतेय."

"बरं वाटलं ना तुला? नुसत्या मुळ्यांनी कुणाचा गुडघा हललाय? लोकांना आराम हवा असतो, मी देतो."

रांगेतले एक पेन्शनर काका वैतागले. "बाई, घरचं भांडण घरी करा. माझा नंबर आलाय."

ताईनं पोटरीवरची पट्टी सोडून जखम दाखवली. काकांनी नजर फिरवली, पण हातातली पुडी सोडली नाही. तिला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. ह्या माणसाला दुकानाचा पत्ता तिनंच दिला होता.

आरडाओरडा ऐकून वहिनी आतून लंगडत आली. तिच्या दोन्ही गुडघ्यांना तेलाची गरम फडकी बांधलेली होती. ताई बघतच राहिली.

"वहिनी, एवढं दुखतंय, मग तू का नाही घेत ही पूड?"

"वन्सं, मी..."

"तू आत जा!" भाऊ खेकसला.

वहिनी हलली नाही. "ह्यांनीच बजावलंय. घरच्यांनी ह्या पुडीला शिवायचं नाही."

काकांनी पुडी गल्ल्यावर आपटली आणि पाठोपाठ सगळी रांग भावावर तुटून पडली.

ताईनं तक्रार केली. सरकारी माणसं आली, दुकानाला सील लागलं. नातेवाईक तिलाच बोलले, "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास!"

"त्यानं माझ्या जिवाशी खेळ मांडला, तेव्हा तुमची वाचा बसली होती का?" ताईनं सुनावलं.

बोटं पुन्हा आखडली. आता ती गरम पाण्यात हात शेकते, डॉक्टरीणबाईंचं औषध घेते आणि मळायचं काम यंत्रावर टाकते. दुखतं, पण कशामुळे दुखतं ते तिला ठाऊक आहे.

एकदा बेकरी बंद करायच्या वेळी भाऊ आला. दाढी वाढलेली, आवाज पडलेला.

"ताई, तुझं वाईट नव्हतं चिंतलं गं. उलट तुला लवकर आराम पडावा म्हणून तुझ्या पुडीत मी जरा जास्तच घालायचो."

घरच्यांनी शिवायचं नाही म्हणणाऱ्यानं तिला कुणात धरलं होतं? आणि हे पोरगं खरंच माया म्हणून सांगत होतं!

तिनं शटर ओढलं. ते निम्म्यावर अडकलं, बोटांत कळ उठली. तो मदतीला पुढे झाला.

"सोड," ती ओरडली. "सोड म्हणते ना!"

आणि दोन्ही हातांनी तिनं ते खाली खेचलं.