पत्त्याची पट्टी

"माणूस मरतो, पत्ता मरत न्हाय," आकाराम म्हणाला आणि ताज्या छापलेल्या पत्त्यावरून त्याने अंगठा फिरवला.

पत्ता मेला. मागे नुसता काळा फरकाटा राहिला.

उद्यमनगरातल्या छापखान्यात अंकांवर पत्ते घालण्यात आकारामची एकतीस वर्षे गेली होती. आधी चिकटवून, मग इंकजेट मशीनवर. पण समाजाच्या मासिकाला असले चकचकीत कव्हर यंदा पहिल्यांदाच. शाई मुरायलाच तयार नाही. अळवावरच्या पाण्यासारखी वर बसून राहायची.

"पंखा लावून बघितलासा काय, मामा?" मालक सम्मेदने विचारले.

"लावलाय की. शाई वाळंना, मला सर्दी झाली."

अठ्ठावीसशे अंक पाचच्या आत पोस्टात पडायला हवे होते. तारीख हुकली की महिना हुकला. संपादक तात्यासो समोरच बसून होते. कव्हरवर त्यांचाच फोटो होता, पंचाहत्तरीचा.

"साध्या कागदावर पत्तं छापू आन् पट्टी करून अंकाला गुंडाळू," आकाराम म्हणाला. "पूर्वी करत हुतो तसं."

"म्हंजे माझ्या तोंडावर पट्टी?"

"डोळं दिसत्यात की. बोलायचं काम तुमी संपादकीयात करतायच."

तात्यासो चहा प्यायला निघून गेले, ही संमतीच धरली गेली. बाइंडिंगच्या बायका खळ घेऊन बसल्या. सम्मेदने यादी उघडली. मयत माणसांची नावे काढा, असा तात्यासोंचा हुकूम होता आणि काल आकारामनेच एक्केचाळीस नावे काढली होती.

"मामा, एक ऱ्हायलंय. पयलंच. सौ. धोंडुबाई आकाराम चौगले, कागल."

"ऱ्हाऊ दे. टेस्टला लागतंय."

ते खरे होते. पहिला अंक नेहमी त्याच्या घरी जायचा. धोंडुबाईला वाचता येत नव्हते. भांडी घासता घासता ती ओल्या अंगठ्याने पत्ता घासायची आणि छापखान्यात फोन करायची. "हाय," नाहीतर "ग्येला." तिसरा शब्द नाही. त्या निकालावर आकाराम शाई बदलायचा. माघात ती गेली. मशीन चालू राहिले, फोन आला नाही.

"तात्यासो यादी तपासणार हाईत, मामा."

"एवढ्या खेपंला जाऊ दे. मग काढा."

सम्मेदने मशीन चालू केले. पहिली पट्टी तिच्या नावाची निघाली. पाचला दहा मिनिटे असताना पोस्टाची खेप रवाना झाली. आकाराम पायरीवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कागलला घरी पोचला, तर अंक दाराच्या कडीला अडकवलेला. नळावर जाऊन त्याने अंगठा ओला केला. एकदा घासला, दोनदा घासला. तिसऱ्यांदा जरा जोर लावला.

मग छापखान्यात फोन लावला.

"हाय," तो म्हणाला.

पलीकडे सम्मेदने यादी उघडली. "मग... काढू का नाव, मामा?"

आकारामने पट्टी खळीपासून हलक्या हाताने सोडवली, घडी घालून खिशात ठेवली.

"काढा." फोनमधून घरघर ऐकू येत होती. "आन् जाताना तेवढा पंखा बंद करा. परवापास्नं नुसताच फिरतोय."