वाळूतल्या बर्फगाडीचे पिस्टन

इद्रीस मुकादम मूळचा हर्णैचा. आखातात, फहाहीलला बोटींची इंजिनं दुरुस्त करणारं त्याचं गॅरेज होतं, आणि कुठल्याही इंजिनाबद्दल ‘मला माहीत नाही’ असं त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून ओळखीचे गिऱ्हाईक अबू युसरा यांनी फोनवर विचारलं, “इद्रीस, टू-स्ट्रोक आहे, करशील?” तेव्हा कशाचं इंजिन ते न विचारताच तो म्हणाला, “माकू मुश्किला.” काही प्रॉब्लेम नाही!

संध्याकाळी ट्रकवरून जे उतरलं ते बघून त्याची बायको सईदा गॅरेजच्या दारातच थांबली. ती त्याला चहा द्यायला आली होती. पुढे दोन लांब घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, मध्ये सीट. चाक एकही नाही.

“हे काय हो?”

“बर्फावर चालणारी स्कूटर,” इद्रीस म्हणाला. हे त्यालाही ट्रकवाल्यानं आत्ताच सांगितलं होतं.

“पण बर्फ?”

“तो गिऱ्हाइकाचा प्रश्न. आपला इंजिनाचा.”

अबू युसरा म्हणजे भला, दणकट आणि अतिशय उतावळा माणूस. मुलगी कॅनडात डॉक्टरकी शिकत होती तेव्हा तिला भेटायला गेले आणि येताना ही जुनी गाडी घेऊन आले. भर ऑगस्टात घराच्या अंगणात पाहुण्यांना दाखवायला म्हणून ती चालू केली आणि बंद करायचं विसरून आत जेवायला बसले. जेवणात मच्छी होती, मांडी नावाचा मटण-भात होता, गप्पा होत्या. बाहेर इंजिन किंचाळलं आणि गप्प झालं.

इद्रीसनं इंजिन उघडलं. दोन सिलेंडर, दोन पिस्टन. एकाची कड मेणबत्तीसारखी वितळलेली, दुसऱ्याच्या अंगावर मांजरानं ओरबाडल्यासारखे चरे.

“पिस्टन बदलायचे,” इद्रीसनं फोनवर निकाल दिला. अबू युसरा म्हणाले, जानेवारीत वाळवंटात आमचा तंबू लागेल, त्याच्या आधी गाडी हवी.

इथे विश्वास गोखले या गोष्टीत शिरले. ते मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत मोठमोठ्या कॉम्प्रेसरांचे इंजिनीअर. मूळ पुण्याचे. दर शुक्रवारी सकाळी ते ‘सहज’ म्हणून गॅरेजात येत आणि दुपारच्या नमाजापर्यंत इद्रीसची अक्कल काढत. इद्रीसलाही ते आले नाहीत तर चुकल्यासारखं व्हायचं.

“फोर्ज्ड घ्यायचे,” विश्वास जळका पिस्टन हातात फिरवत म्हणाले. “धातू ठोकून घडवलेले. मजबूत. एवढ्या गरमीत तुमचे ओतीव पिस्टन टिकायचे नाहीत.”

“विश्वासराव, ठोकलेला पिस्टन तापला की जास्त फुगतो. म्हणून तो ढिला बसवावा लागतो. गार असताना डबड्यागत वाजतो. ओतीव बरा. कारखान्यातून आला तेव्हा ओतीवच होता.”

“आणि बघा काय झालं त्याचं!”

“तुमचा ठोकलेला असता तर पाहुण्यांची जेवणं होईपर्यंत तग धरून बसला असता का?”

वाद चहाच्या दोन फेऱ्या चालला. शेवटी विश्वासनी हात झटकले, “तुमचं गॅरेज, तुमचा निर्णय,” आणि घरी जाऊन गुपचूप अमेरिकेतून फोर्ज्ड पिस्टनांचा जोड मागवला. इद्रीसनं सईदाचा भाऊ नौमान, जो दुबईत सुट्या भागांच्या धंद्यात होता, त्याला सांगून ओतीव जोड मागवला. दोघांनीही माप घेतलं ते गाडीच्या माहितीपुस्तकातून. सिलेंडर मोजावा असं दोघांनाही वाटलं नाही. विश्वासना छापील आकड्यावर श्रद्धा होती आणि इद्रीसची श्रद्धा स्वतःच्या बोटावर होती. आत बोट फिरवलं की माप कळतं, असं तो म्हणायचा.

दोन्ही पार्सलं एकाच आठवड्यात आली. शुक्रवारी विश्वासनी पिशवीतून आपला डबा काढला आणि विजयी मुद्रेनं टेबलावर ठेवला. इद्रीसनं खणातून आपला काढून शेजारी ठेवला.

“तुम्ही मागवलेत?”

“तुम्ही पण?”

“आधी माझा बसवू,” विश्वास म्हणाले. त्यांनी चकचकीत पिस्टन सिलेंडरच्या तोंडाशी धरला आणि हलकेच सोडला. पिस्टन खुळखुळत थेट खाली गेला आणि टेबलावर आपटला.

इद्रीस कधी नव्हे इतका गोड हसला. “प्रशस्त घर दिलंत हो पिस्टनाला. बाजूनं भाडेकरू ठेवता येईल.”

“फोर्ज्डला फट जास्तच लागते,” विश्वास म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मग इद्रीसनं बाही सारून स्वतःचा पिस्टन सोडला. तोही खुळखुळत गेला. उलट या वेळी आवाज थोडा मोठा वाटला.

आता हसायची पाळी विश्वासची होती आणि त्यांनी ती सोडली नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इद्रीस चिडून म्हणाला, चुकीचा माल पाठवलाय नौमाननं. विश्वास म्हणाले, अमेरिकनांनीही चुकीचाच पाठवला म्हणायचा मग. इद्रीसनं चरे पडलेला जुना पिस्टन फडक्यात गुंडाळला आणि तडक घरी गेला.

घरी त्यानं तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, समोर बसून त्याच्याकडे रागानं बघितलं, आणि बघता बघता खुर्चीतच झोपला.

जाग आली तर टेबल स्वच्छ आणि पिस्टन गायब. स्वयंपाकघरातून घासण्याचा आवाज येत होता. सईदा तारेच्या घासणीनं आणि व्हिनेगरनं पिस्टन घासत होती, शेजारी आदल्या रात्रीचं बिर्याणीचं पातेलं निथळत होतं.

“अगो सईदा! काय केलंस हे!”

“काय केलं? टेबलक्लॉथवर काळा गोल उमटलाय. ईदला घेतला होता मी तो.”

“अगो, त्या काजळीवरनं कळतं इंजिन कसं जळलं ते! विश्वासरावांना दाखवायचं होतं!”

“मग त्यांच्या टेबलावर ठेवायचा होता.” तिनं पिस्टन नळाखाली धरला, पदरानं पुसला आणि त्याच्या हातात दिला. “घ्या. आणि त्या काळ्याखाली काहीतरी लिहिलंय बघा.”

इद्रीसनं चष्मा लावला. पिस्टनच्या माथ्यावर, जिथे काजळीचा थर होता तिथे, बारीक ठशात कोरलं होतं: ०.५०.

म्हणजे कॅनडात कुणीतरी आधीच हे सिलेंडर अर्धा मिलिमीटर कोरून मोठे केले होते आणि त्या मापाचे पिस्टन घातले होते. पुस्तकातलं माप केव्हाच इतिहासजमा झालं होतं. आणि आता चरे घालवायला पुन्हा कोरायचे, म्हणजे त्याहून मोठे पिस्टन लागणार.

त्यानं लगेच विश्वासना फोन लावला.

“इद्रीसभाई,” सगळं ऐकून विश्वास म्हणाले, “माझ्या कपाटात मापं घ्यायची अख्खी पेटी आहे. जर्मन.”

“असू दे. माझी दहा बोटं आहेत. काय उपयोग झाला?”

आता ते दोघे शहाण्यासारखे वागू लागले. सिलेंडर मोजले, वर, मध्ये, खाली, आडवे आणि उभे. पुढचं माप मूळ मापाहून एक मिलिमीटर मोठं, त्यात दोन्ही प्रकार मिळत होते. म्हणजे जुना वाद पुन्हा उभा राहिला. तेव्हा इद्रीसनं अबू युसरांनाच गॅरेजात बोलावलं. उशीर का झाला तेही सांगणं भाग होतं. त्यानं सगळं सांगितलं, फक्त स्वतःच्या बोटांचा भाग गाळला.

“बाबा, एक सांगा,” त्यानं विचारलं. “ही गाडी तुम्ही शर्यतीत पळवणार? लांब नेणार?”

अबू युसरांनी आश्चर्यानं पाहिलं. “शर्यत? माझे गुडघे बघ. माझ्या तंबूपासून चुलतभावाच्या तंबूपर्यंत जायचं. गेल्या वर्षी तो घोड्यावरून आला माझ्याकडे. पांढऱ्या! सगळे उठून उभे राहिले.”

“किती लांब आहे त्याचा तंबू?”

“हाक मारली तर ऐकू येतं.”

विश्वासनी घसा खाकरला. “एवढ्या वापराला ओतीवच बरे,” ते गंभीरपणे म्हणाले. “मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.”

इद्रीसनं नौमानला नवा ओतीव जोड पाठवायला सांगितला. मात्र सिलेंडर कोरताना वाळवंटाचा विचार करून त्यानं फट किंचित सढळ ठेवली, ती विश्वासच्या सांगण्यावरून. बाण कोरलेली बाजू धुराच्या वाटेकडे ठेवून त्यानं पिस्टन बसवले. तेल लावून दाबले तेव्हा ते एक सुस्कारा टाकून, अडत अडत खाली गेले. दोघांनी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला.

चाचणीची मोठी अडचण निघाली. या गाडीला पुढे रेडिएटर नव्हता. सीटखाली पाण्याच्या वाहिन्या, आणि फिरणारा पट्टा बर्फ उडवून त्यांना गार ठेवणार, अशी रचना. इद्रीस मासळीबाजारात गेला आणि ओळखीच्या कोळ्याकडून बर्फाच्या गोण्या भरून घेऊन आला. गाडी स्टँडवर चढवली, पट्ट्याखाली बर्फ ओतला, दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्यात खोकलं, दुसऱ्यात शिंकलं आणि तिसऱ्यात असं गरजलं की समोरच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर आलं. पट्टा फिरला. बर्फाचा चुरा फवाऱ्यासारखा उडाला आणि त्याबरोबर पापलेटची खवलं, कोळंबीच्या मिशा आणि एक अख्खा बांगडा विश्वासच्या इस्त्रीच्या शर्टावर येऊन पडला. गल्लीतली मांजरं गोळा झाली.

“तापमान बरोबर!” विश्वास बांगडा काढून न टाकताच ओरडले.

जानेवारीत तंबू लागले. इद्रीस, सईदा आणि विश्वास यांना खास आमंत्रण होतं. हवा गार असली तरी वाळूत बर्फाशिवाय गाडी तापणारच होती, म्हणून इद्रीसनं वाहिन्यांवर ओली पोती बांधली आणि बजावलं, “बाबा, तापल्याचा लाल दिवा लागला की त्या क्षणी बंद करा. जेवायला जाऊ नका.”

अबू युसरा पांढऱ्या पायघोळ दिशदाशात, डोक्यावर रुमाल घट्ट बांधून सीटवर बसले. गाडी वाळू उपसत, धूर सोडत, खेकड्यासारखी जरा तिरकी निघाली. चुलतभावाचे पाहुणे तंबूबाहेर आले. मुलांनी फोन वर धरले. पांढरा घोडा खुंट्यासकट पळाला. आणि नेमकी त्या तंबूच्या दाराशी लाल दिवा लागला.

अबू युसरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं. त्यांनी इंजिन बंद केलं. पण खाली उतरले नाहीत. धुळीचा लोट बसेपर्यंत ते तसेच ताठ बसून राहिले, जणू थांबायचं तिथेच ठरलं होतं. चुलतभाऊ स्वतः कॉफीची सुरई घेऊन पुढे आला आणि सीटवर बसलेल्या पाहुण्याला त्यानं पेला भरून दिला.

इद्रीस आणि विश्वास वाळूतून धापा टाकत पोचले ते सरळ इंजिनाशी. यजमानाला सलाम करायचंही त्यांना सुचलं नाही. विश्वासनी प्लग सोडवला, इद्रीसनं तो उन्हात धरला. टोक चॉकलेटी रंगाचं होतं, ना काळं ना पांढरं, म्हणजे इंजिन नीट जळत होतं.

“ओतीव,” इद्रीस म्हणाला.

“सढळ फटीचे,” विश्वास म्हणाले.

“अहो, पान वाढलंय,” मागून सईदा म्हणाली. “हात धुवा आधी. आणि तो प्लग ताटाजवळ आणू नका.”