हरकत क्रमांक अकरा

सभापतीबाईंनी घंटी वाजवली, तसा छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा वाक्याच्या मध्येच थांबला. त्याला अजून बरंच बोलायचं होतं. हातातली टोपी त्याने दोनदा उलटसुलट केली, काहीतरी पुटपुटला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

"हरकत क्रमांक अकरा," सचिवांनी पुकारलं.

पालिकेच्या छोट्या सभागृहात पदपथांच्या उपविधीवर सुनावणी चालली होती. मोठ्या रस्त्यांच्या कडेला बसून कामधंदा करायला यापुढे मनाई, असा तो नियम. तो आज संमत झाला तरच नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात पदपथांची तरतूद राहणार होती; नाहीतर रक्कम दुसऱ्या खात्याकडे वळणार. सभापतीबाईंनी त्या तरतुदीसाठी वर्षभर एकेका सदस्याची मनधरणी केली होती. मसुद्याला जोडलेल्या रस्त्यांच्या यादीत बस डेपोसमोरचा चौकही होता. वाचताना त्यांचं बोट त्या ओळीवर क्षणभर थांबलं होतं. मग त्यांनी पान उलटलं होतं.

दारातून सभापतीबाईंची मावशी आत आली.

आई गेली तेव्हा सभापतीबाई सहा वर्षांच्या होत्या. तेव्हापासून लग्न होईपर्यंत याच बाईने त्यांना वाढवलं होतं, डेपोसमोर मशीन मांडून, लोकांच्या पिशव्या आणि चेनी शिवून. निवडणुकीच्या पत्रकावर मात्र 'वडील शिक्षक' एवढंच छापलं होतं. ते खोटं नव्हतं. वडील शिक्षक होते आणि दुसऱ्या गावी दुसरा संसार करत होते.

मावशीने इस्त्रीची साडी नेसली होती. माइकसमोर उभं राहून तिने आधी सचिवांना, मग सगळ्या सदस्यांना नमस्कार केला. सभापतीबाईंकडे तिने इतरांकडे पाहिलं तेवढंच पाहिलं.

"व्यवसाय?" सचिवांनी विचारलं.

"पिशव्या, बॅगा शिवते. चेनी बसवते."

"घरात कोण असतं?"

"एकटीच. एक भाची होती, ती आपल्या घरी सुखात आहे."

"समितीतल्या कुणाशी नातं?"

हा प्रश्न प्रत्येकालाच विचारला जात होता. नातं निघालं, तर त्या सदस्याला विषय संपेपर्यंत बाहेर जावं लागे. सभापतीबाईंनी समोरचा पेला उचलला. तो रिकामा होता.

"नाही साहेब," मावशी म्हणाली. "असं कुणी असतं, तर सकाळपासून रांगेत कशाला उभी राहिले असते?"

सभागृहात हशा पिकला. सभापतीबाईंनी पेला खाली ठेवला. आता बोलायला हवं, असं त्यांना वाटलं. उजवीकडचे सदस्य अजून हसत होते. हसू थांबलं की बोलू, असं त्यांनी ठरवलं, आणि ते थांबलं तेव्हा मावशीने बोलायला सुरुवात केली होती.

"पस्तीस वर्षं मी तिथे बसते. माझ्या मशीनला अडखळून आजवर कुणी पडलेलं नाही. पडले ते शेजारच्या खड्ड्यात. तो तुमचा."

पुन्हा हशा. एक सदस्य तर टाळी वाजवायला निघाला होता.

"पदपथ चांगला करा, माझं काही म्हणणं नाही. पण लोक चालणार म्हणजे कुणाच्या पिशवीचा बंद तुटणार, कुणाची चेन अडकणार. कोपऱ्यात दोन हात जागा आम्हाला आखून द्या. भाडं लावा. मी काय म्हणते..."

सभापतीबाईंचं बोट घंटीवर पडलं. घड्याळात बरोबर तीन मिनिटं झाली होती. त्याआधी दोघांना त्यांनी चार-चार मिनिटं दिली होती.

"वेळ संपली," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला.

"हो मॅडम," मावशी म्हणाली आणि लगेच माइकपासून बाजूला झाली.

उपविधी सात विरुद्ध दोन मतांनी संमत झाला. सभापतीबाईंचा हात सातांमध्ये होता. पाठोपाठ तरतूदही मंजूर झाली. बाहेर पडताना लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं, आणि त्या प्रत्येकाचे आभार मानत जिना उतरल्या.

रविवारी दुपारी त्या मावशीकडे गेल्या. तब्बल दोन वर्षांनी.

"गाडी कुठे लावलीस?" मावशीने पहिल्यांदा हेच विचारलं.

"लांब. कोपऱ्यावर."

"बरं केलंस. बस, चहा टाकते."

मशीन घरात आणून भिंतीशी ठेवलं होतं, पुसून लख्ख केलेलं. सभापतीबाई त्याच्याकडे न बघता खाटेवर बसल्या.

"मला आधी फोन करायचास ना, मावशी."

"केला होता गं. दोनदा. तुझा माणूस म्हणाला, मॅडम मीटिंगमध्ये आहेत."

"आणि ते नात्याचं... तसं का सांगितलंस?"

मावशीने स्टोव्ह मोठा केला. "रांगेत तो छत्रीवाला म्हणत होता, नातं निघालं तर त्या माणसाला खुर्चीवरून उठवतात. म्हटलं, सगळ्यांदेखत तुला कशाला उठवायचं." मग ती वळली. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. "का गं ठमे, खोटं बोलले म्हणून काही दंडबिंड होतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

मावशीने फळीवरून बशीसकटचे कप काढले, पाहुण्यांसाठी ठेवलेले. तेवढ्यात दारात शेजारीण आली. सुनेसाठी मशीन बघायला येते म्हणून तिने सकाळीच सांगून ठेवलं होतं. खाटेवरच्या बाईंचे कपडे आणि पर्स बघून ती उंबऱ्यातच थबकली.

"या कोण?"

"पालिकेतल्या मॅडम आहेत," मावशी पटकन म्हणाली. "माझ्या अर्जाचं बघायला आल्यात."

सभापतीबाईंनी तोंड उघडलं. मावशी त्यांच्याकडे पाठ करून चहा गाळत होती. कान मात्र इकडेच होते. गाळणी हातात तशीच थांबली होती.

"मग बरंच झालं," शेजारीण पुढे सरसावली. "मॅडम, आमच्या बोळातला दिवा दीड महिना बंद आहे बघा. कुणी दाद घेत नाही."

मावशीच्या हातातली गाळणी अजून हलली नव्हती.

"खांबाचा नंबर सांगा," सभापतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून वही काढली.