गिरणी गप्प बसते तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. मोताळ्याजवळच्या एका खेड्यात, शालिग्रामच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत माझं बिऱ्हाड आहे. दोन जड दगड, एक पट्टा आणि एक मोटर, एवढाच माझा संसार. तोंड मात्र मोठं. मी सुरू झाले की माणसं खुणांनी बोलतात.

तरुणपणी माझा काय थाट होता! सणाच्या आधी ज्वारीच्या डब्यांची रांग पार रस्त्यावर जायची. माझ्या पिठाची भाकर फाटत नाही, असं बाया म्हणायच्या आणि मी फुगून जायचे. पुढे घरोघरी छोट्या चक्क्या आल्या, रांग आखडली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मला लाईन, म्हणजे वीज, जाणं मुळीच आवडायचं नाही. मुकाट पडून राहावं लागे. शालिग्रामची सून योगिनी नेमकं तेव्हाच पुस्तक काढायची. बाजाराच्या दिवशी मोताळ्याच्या वाचनालयातून ती पुस्तकं आणते. लाईन येईपर्यंत ती मोठ्याने वाची आणि दळणासाठी थांबलेल्या बाया ऐकत.

त्यांत गोजरबाई होती, भाजी पिकवणारी. तिची शाळा तिसरीतच सुटलेली. एके दिवशी बाजारात हरवलेल्या बैलाची गोष्ट चालली होती. बैल घराच्या अर्ध्या वाटेवर असताना लाईन आली.

गोजरबाईने विचारलं, "मंग, बैल घरी आला का वं?"

योगिनी हसली. "मी नाही सांगत, मावशी. आता तुमीच वाचा."

"अक्षरं वळखू येतात मले, पन जुळत नाहीत."

"जुळतीन. रोज थोडं थोडं वाचा."

घरी चूल आणि भाजीच्या जुड्या गोजरबाईला सोडत नसत. निवांत बसायची मुभा फक्त माझ्या दारात. लाईन गेली की ती ओळीखाली बोट धरून वाची. आधी एक ओळ, मग अर्धं पान. एकदा वाचता वाचता ती आपसूक हसली. बाई नुसती अक्षरं लावत नाही, तिला गोष्ट कळते आहे, हे मला तेव्हा उमगलं.

मग गावात विजेची नवी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसली आणि लाईन जाईना. मी तर खूश, दिवसभर घरघर! गोजरबाई थोडं थोडं दळण घेऊन वरचेवर येऊ लागली. माझ्या घरघरीत तिला वाचणं जमेना; आली की लाईन जायची वाट पाहत बल्बकडे बघत बसायची. बल्ब काही विझेना. पुस्तकावर माझंच पीठ साचलं.

महिन्याभराने तिने ते उघडलं, तर बोट पहिल्याच ओळीवर अडलं. माझ्या आवाजावर ओरडून ती म्हणाली, "माहा बैल तिथंच राह्यला वं. येत होतं तेबी इसरली मी." तिने पुस्तक फळीवर ठेवून दिलं. त्या दिवशी मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

योगिनीने उठून बटण बंद केलं.

"काऊन बंद केली? लाईन तं हाय," शालिग्राम म्हणाला.

"मामाजी, दगडाले टाकी लावाले आपन गिरणी बंद ठेवतोच ना?"

दळून दळून माझे दगड गुळगुळीत होतात. छिन्नीने टाकी लावून ते पुन्हा खरबरीत केले नाहीत, तर दाणा नुसता घासतो, पीठ पडत नाही. शालिग्रामने आयुष्यभर तेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बटण त्यानेच बंद केलं, आणि मग रोज अर्धा तास तो नेमच झाला.

आज गोजरबाई शेवटच्या पानावर आली. आवाज न करता, नुसते ओठ हलवत वाचत होती. शालिग्राम पट्टा पुसायचं निमित्त करून जवळच घुटमळत होता. तिने पुस्तक मिटलं, पदराने डोळे टिपले. त्याला राहवेना.

"मंग? आला का बैल घरी?"

गोजरबाईने पुस्तक त्याच्या पिठाळ हातात दिलं. "मी काऊन सांगू? वाचा ना तुमी."

मित्रांनो, दगडाला टाकी लागते, तसं मनाला रोजचं वाचन लागतं. त्यासाठी लाईन जायची वाट पाहू नका. शालिग्राम चष्मा लावून डब्यावर बसला आहे. अर्धा तास केव्हाच होऊन गेला. बटणाची त्याला शुद्ध नाही, आणि मीही आठवण करून देणार नाही.